लिंबू-चमचा, ज्येष्ठ गट

राजेंद्रनगरच्या मंडळाची नोंदवही
एकतीस वर्षं माझ्याच हातात आहे.
शाई बदलली, अक्षर तेच,
जरा हलतं इतकंच.

त्र्याण्णव सालच्या पानावर
बालगट समासात सांडलाय.
अ, ब, क, ड करूनही मुलं उरायची,
लिंबं संपायची,
मग छावणीच्या बाजारातले बटाटे धरायचे चमच्यात.
आणि अगदी तळाशी, जागा होती म्हणून, एक ओळ:
"ज्येष्ठ – श्री. डोंगरे, सौ. टिल्लू. दोघांनाही उत्तेजनार्थ."

यंदा ज्येष्ठांचेच गट चार.
साठ ते सत्तर (यात मीही, जूनपासून),
सत्तर ते ऐंशी,
ऐंशीच्या पुढचे,
आणि काठीवाले वेगळे,
कारण कुंटेकाकूंची लेखी तक्रार आहे
की काठी असली की लिंबू कमी डुलतं.

बालगटात नाव एक.
निहिरा मुळ्ये. वय सात.

उतरंड रचायची तर रांजण खाली,
वर लहान होत जाणारी मडकी,
टोकाला बोळकं.
आमच्या वहीत बोळकं खाली आहे
आणि त्याच्यावर रांजण उभे.
निहिराचे पुढचे दोन दात पडलेत.
तेवढ्यापुरतं तिचं बोळकं
ऐंशीच्या पुढच्या गटातही चालून जाईल.

मधली पानं?
मधली पानं व्हिडिओ कॉलवर असतात.
आरतीच्या वेळी त्यांच्याकडे सकाळ,
मागे कुकर नाहीतर ट्रॅफिक.
वर्गणी वेळेवर येते, खोटं कशाला बोलू, जास्तच येते.
मांडव दुप्पट झाला.
बांबू रोवायला झाबुआकडची चार पोरं लागतात.
त्यातल्या केलसिंगला विचारलं, तुमच्याकडे मुलं किती?
"बाबूजी, हमारे फलिये में बच्चे कौन गिनता है,"
तो वरून, दोरी दातात धरून, म्हणाला.
सत्तावीसचा असेल.
या वयाचा आमच्याकडे रकानाच नाही.

संगीत खुर्चीत आम्ही आता खुर्ची काढत नाही.
कुणाचं खुब्याचं हाड मोडलं तर?
गाणं थांबतं, सगळे बसतात, सगळे जिंकतात.
पुढच्या वर्षी तेवढ्याच खुर्च्या मांडतो.
एक उरते.

तर, लिंबू-चमचा.
चुन्याच्या रेघेवर निहिरा एकटी.
मी शिट्टी तोंडाशी नेली,
तिनं चमचा तोंडातून काढला.
"एकटीनं पहिलं येतात का कुणी?"
आणि सरळ जाऊन उभी राहिली
ऐंशीच्या पुढच्यांत, सौ. टिल्लूंच्या शेजारी.
असा गट नाही गं, मी म्हणालो.
"मग काढा ना."
कुंटेकाकूसुद्धा काही बोलल्या नाहीत.

शिट्टी.
ती अर्ध्यापर्यंत पळाली, मग वळून थांबली.
पाच जण येत होते,
जिना उतरावा तसे, सपाट जमिनीवर.
ती थांबली, थांबली,
मग सौ. टिल्लूंची कवळी सुटून चमच्यावर वाजली,
आणि ती अशी हसली की तिचं लिंबू गेलं.
वामनराव पोतनीस, वय शहाऐंशी,
कुणाकडेही न बघता पुढे निघून गेले
आणि पहिले आले.

बक्षीस बालगटाचं होतं: कंपासपेटी.
लोक म्हणाले, अहो, द्या तिला.
"का म्हणून? नियमात मिळालीय,"
म्हणून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात कोंबली.
निहिरा रडली, थोडी, खरी.

वहीत लिहिलं: पोतनीस, ८६, प्रथम. मुळ्ये, ७, बाद.
गटाच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं.
चार डझन आणलेली लिंबं, सवयीनं. तीन उरली, डझन.

दुसऱ्या दिवशी दुधाला निघालो
तर वामनराव पायरीवर,
मांडीवर पाट, पाटावर विजेच्या बिलाची पाठ,
आणि हातात कर्कटक.
निहिरा दोन्ही तळव्यांनी कागद दाबून होती.
वर्तुळ निघालं, पण जिथून सुटलं
तिथे येऊन मिळेना.
"नीट धर," ते म्हणाले, "टोक घसरतंय."